सिस्टरबाईंच्या हाताची बाटली

मित्रांनो, माना उंच करून बघायची गरज नाही, मागच्या बाकावरूनही दिसते मी. टेबलावर मावशीच्या पान्याशेजारी ठेवलेली ही लाल बाटली, तीच मी. पोटात आता काही नाही. रंग दोन ठिकाणी उडालाय आणि गळ्याजवळच्या छोट्या तबकडीतला काटा शून्यावर मान टाकून पडलाय. पण रिकामी आहे म्हणून मला मोडीत काढू नका. मी माझं काम करून रिकामी झाले आहे. काम न करता रिकामे राहिलेले पुष्कळ पाहिलेत मी, आणि त्यांचा रंग अजून चकचकीत आहे.

शिकलेली माणसं मला अग्निशामक यंत्र म्हणतात. एवढं नाव पुरतं घेईस्तोवर निम्मं घर जळून जायचं. मावशी मला बाटली म्हणते, तेच मला बरं वाटतं.

माझा जन्म लांब छपराच्या एका कारखान्यात झाला. तिथे सपाट पत्रा गोल वळवतात, त्याला खाली बूड आणि वर गळा जोडतात, मग पोटात पाणी भरून असा दाब देतात की लेचीपेची असेल ती जागच्या जागी फुटते. माझ्या शेजारची फुटली. मी नाही फुटले. मिरवत नाही, झालं ते सांगते. बरं, थोडी मिरवते. त्यानंतर मला वाळवलं, पोटात पांढरी भुकटी भरली, पिठीसाखरेहून मऊ, आणि वरून दाबून वायू कोंडला. गळा बंद झाला आणि त्याच घटकेला मला पहिलं स्वप्न पडलं.

माझ्या आत एक पांढरं माळरान होतं. वर ना सूर्य, ना चंद्र. त्या माळावर वारा उभा होता. वाहत नव्हता, नुसता उभा होता, कुणीतरी दार उघडायची वाट बघत. मित्रांनो, तुम्ही जन्मल्यापासून श्वास घेता आणि सोडता, त्याचा हिशोबही तुम्ही ठेवत नाही. मला एकच श्वास मिळाला, आणि तोही फक्त सोडायचा. कधी, कुणासाठी, काही ठाऊक नाही. एवढं एकच जवळ घेऊन बसायचं म्हटलं की माणूससुद्धा स्वप्नाळू होतो, बाटलीचं काय घेऊन बसलात.

दुकानातून मला मावशीने आणलं. मावशी गाड्या दुरुस्त करते. वय असेल पंचेचाळीस, पण तिच्या वडलांच्या वयाची माणसंही तिला मावशीच म्हणतात. माझ्याबरोबर खोक्यात एक प्लॅस्टिकचा चिमटा आला होता. तो तिने हातात घेतला, वाकवून पाहिला आणि केरात टाकला.

"हा भिंतीवर ठीक," ती म्हणाली. "गाडी करकचून थांबली तर बाटली थांबत नाही. ती सरळ माणसाच्या नडगीवर जाते."

पहिल्याच दिवशी मला कळलं, ही बाई कामाची आहे.

जिच्यात मला बसवायचं होतं ती गाडी मावशीच्या वर्कशॉपमध्ये मधोमध उभी होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, वर छप्पर नाही, लांब नाकाची. रंग पहाटेच्या आभाळाचा, म्हणजे निळा म्हणावा तर राखाडी आणि राखाडी म्हणावा तर निळा. आत बिस्किटाच्या रंगाची चामड्याची सीट. तिचा मालक घड्याळं दुरुस्त करणारा, सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. त्यांनी ही गाडी भंगारातून उचलली होती आणि अकरा वर्षं खपून एकेक भाग जोडत उभी केली होती. शर्यतीची गाडी, पण शर्यत बघितली तिने फक्त नट-बोल्टांची.

काकांच्या शेजारी त्यांची बायको उभी होती. निवृत्त परिचारिका. दवाखाना सोडून चार वर्षं झाली तरी लोक त्यांना सिस्टरबाईच म्हणत. नोकरीतली शेवटची बारा वर्षं त्यांनी जळीत वॉर्डात काढली होती. त्याबद्दल त्या बोलत नसत. गॅस पेटवला की ज्योत नीट बसेपर्यंत हलत नसत, एवढंच. आणि गाडी तयार होऊन वर्ष झालं तरी त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. काका एकटेच तलावाला चक्कर मारून येत आणि आल्यावर जेवताना गप्प बसत.

"भोक पाडायचं नाही," काकांनी आल्या आल्या सांगितलं. "अकरा वर्षं घालवलीत मी. एक भोक पाडलंत तर गाडी राहणार नाही, चाळण होईल."

"आहे त्याच सीटच्या बोल्टांत पट्टी अडकवते, काका. भोक नाही पडणार," मावशी म्हणाली.

"आणि हा लाल रंग. या सीटशेजारी लाल रंग म्हणजे लग्नाच्या फोटोत कुणीतरी बनियनवर उभं राहावं तसं दिसेल."

"आपल्या लग्नाच्या फोटोत तुमचे मामा तसेच उभे आहेत," सिस्टरबाई म्हणाल्या. "फोटो भिंतीवरून काढलात का?"

मावशी पान्यांच्या खोक्यात तोंड घालून काहीतरी शोधू लागली.

"अगं, पण आग लागेलच कशाला?" काका म्हणाले.

"बारा वर्षं मी ज्यांना पट्ट्या बांधल्या, त्यांच्यातल्या एकालाही आग लागेल असं वाटलं नव्हतं."

मग बाईंनी आपली अट सांगितली, अगदी औषध सांगावं तशी. "बाटली माझ्या हाताला आली पाहिजे, आणि माझ्याच हाताने सुटली पाहिजे. तुम्ही गाडी थांबवण्यात गुंतलेले असाल, तुम्हाला विचारत बसायची वेळ येता कामा नये. हे जमत असेल तर मी बसते. नाहीतर तुम्ही आणि तुमची गाडी सुखाने नांदा."

"कबूल," काका म्हणाले.

"सीटकडे बघत कबूल होऊ नका, माझ्याकडे बघा."

काकांनी बघितलं. "कबूल."

मित्रांनो, पुढे जे जे झालं ते सगळं या एका शब्दापाशी अडलेलं आहे.

मावशीची काम करायची एक पद्धत आहे, ती मी नंतर दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. ती फूटपट्टी घेत नाही. तिने बाईंना सीटवर बसवलं, सीटचा पट्टा आवळला आणि डोळे मिटायला सांगितलं.

"आता मेंदूला सुट्टी द्या," ती म्हणाली, "आणि हात सोडा. शोधायचं नाही. पडेल तिथे पडू दे."

हात खाली आला. मावशी म्हणाली, "सिस्टर, डोळे."

"मिटलेत."

"उजवा मिटलाय. डावा बघतोय."

पुन्हा केलं. पाचदा केलं. पाचातून चारदा हात गुडघ्यावरून ओघळून सीटच्या पुढच्या कडेखाली त्याच जागी आला, चार बोटांचाही फरक नाही. मावशीने तिथे खडूने खूण केली. तिथे पोलादी पट्टी आली, सीटच्याच बोल्टांत अडकवलेली, खाली जाड वॉशर घातलेली. पट्टीवर मी आडवी निजले आणि माझ्या पोटावरून पोलादी पट्टा आला. त्याला एक खटका. अंगठ्याने खटका वर उचलला की पट्टा सुटतो आणि मी हातात येते. बाईंनी डोळे मिटले, हात सोडला, अंगठा उचलला, आणि मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती पडला तेव्हा आतलं माळरान हललं. आपल्याला कुणीतरी आपल्या हाताच्या मापाने बसवून घेतलं आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

आम्ही निघताना मावशीने एक गोष्ट शिकवली. गाडीच्या हादऱ्यांनी भुकटी तळाशी जाऊन बसते आणि बसता बसता तिचा दगड होतो. म्हणून महिन्यातून एकदा मला सोडवायचं, उलटी धरायचं आणि बुडावर थापट्या मारायच्या.

"बाळाचा ढेकर काढतात तसं?" बाईंनी विचारलं.

"तस्सं. फक्त ही रडत नाही."

तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला बाई घरच्या गॅरेजमध्ये यायच्या. पट्टा, डोळे, हात, खटका. मग मला उलटी करून तीन थापट्या. कधी चार, त्या दिवशी काकांशी काही बिनसलं असेल तर.

आणि मग आम्ही फिरायला निघू लागलो.

ते दिवस मला आठवतात ते जागेपणी पाहिल्यासारखे नाहीतच. मी खाली आडवी, वर बाईंचे गुडघे, आणि त्यांच्यामधून दिसणारी आभाळाची एक पट्टी. रस्ता माझ्या खालून नदीसारखा जायचा. झाडांच्या सावल्या वरून येऊन माझ्या अंगावरून सरकायच्या, एक गेली की दुसरी, दुसरी गेली की ऊन. इंजिनाचा आवाज पत्र्यातून माझ्या बुडात उतरायचा आणि माझ्या आतल्या माळावर उभा असलेला वाराही डोळे मिटायचा. बाई गुणगुणायच्या. सूर नव्हताच, पण गाणं होतं. काका बोलायचे नाहीत, गाडी चालवायचे. साठी ओलांडलेली ती दोघं त्या गाडीत बसली की वीस वर्षांनी लहान व्हायची, आणि तलावाला वळसा घालून परत येईपर्यंत ती वीस वर्षं पुन्हा गुपचूप अंगावर घ्यायची.

लोक थांबून गाडीचं कौतुक करायचे. माझं कधी कुणी केलं नाही. एकदा एका बाईने वाकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पाण्याचं आहे का?"

"हो," सिस्टरबाई म्हणाल्या, "पण तहान वेगळी आहे."

एवढ्यावर मी वर्षभर खूश होते. मानाला हपापलेली नाही मी, पण कुणी आपलं म्हणून बोललं तर ते विसरत नाही.

आता टिकटिकीचं सांगते. गाडीने वेग घेतला की खटक्याची छोटी जीभ माझ्या अंगावर आपटायची. टिक. टिकटिक. मग काहीच नाही. मग अचानक पुन्हा टिक. तुम्ही म्हणाल, घड्याळजीला टिकटिकीचं काय. काकांच्या दुकानात साठ घड्याळं एकदम चालायची आणि त्यांच्यात बसून ते डबा खायचे, दुपारी डुलकी काढायचे. पण त्या प्रत्येक टिकटिकीला चाल होती. माझ्या टिकटिकीला चाल नव्हती. ती केव्हा येईल याचा भरवसा नव्हता, आणि भरवसा नसलेला आवाज त्या माणसाच्या कानात कुसळासारखा शिरायचा. रस्त्याच्या सगळ्यात सुंदर वळणावर मी त्यांचा जबडा आवळलेला पाहिलाय.

त्यांनी खटक्याखाली लोकरीचा तुकडा घातला. तो पडला. रबर घातलं. ते घसरलं. बाईंना त्यांनी काहीच सांगितलं नाही, आणि मावशीलाही नाही. एका दुपारी ते गॅरेजमध्ये एकटे आले, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाच्या कामाची केसाएवढी बारीक पितळी तार काढून खटक्यातून दोन वेढे दिले. टोक पिळून असं आत वळवलं की कुणाच्या बोटाला लागू नये. इतकं सुबक काम की मला नवा दागिना घातल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू. ती टिकटिक मलाही नकोशी होती. त्या दिवशी आम्ही तलावाला गेलो तेव्हा सगळीकडे अशी शांतता होती, की मी डोळे मिटले आणि सरळ झोपून गेले. झोप सुखाची होती म्हणून ती बरोबर होती असं नाही, एवढं मात्र मला आता कळतं.

काका हुशार. महिनाअखेरीला तार काढून ठेवायचे आणि बाईंचा एक तारखेचा सराव झाला की दोन तारखेला पुन्हा बांधायचे. एकटे असले की माझ्याशी बोलायचे. एकदा त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघत चिमट्याने तार सोडवून पाहिली.

"बारा सेकंद," ते मला म्हणाले. "बारा सेकंद म्हणजे काहीच नाही."

मित्रांनो, माझा जो एकुलता एक श्वास आहे ना, तो सगळा सोडून संपायला नऊ सेकंद लागतात. माझं अख्खं आयुष्य नऊ सेकंदांचं, आणि हा सेकंदांवर पोट भरणारा माणूस बारा सेकंदांना काहीच नाही म्हणत होता. मी ओरडले असते, पण मला तोंड आहे ते एकदाच उघडायचं.

अशी तीन वर्षं गेली. तिसरं वर्ष सरता सरता एकदा तलावाकाठी गाडी उभी असताना बाई म्हणाल्या, "हल्ली ती टिकटिक ऐकू येत नाही."

"बसली असेल."

"काय बसलं असेल?"

"सगळंच बसतं हळूहळू," काका म्हणाले आणि पाण्याकडे बघू लागले. बाईही पाण्याकडे बघू लागल्या. सांगायची वेळ ती होती. पाण्यावरून एक पक्षी गेला, त्याची सावली गेली, आणि वेळही गेली.

त्याच दिवशी परतताना चढावर बाईंनी नाक वर केलं. "पेट्रोलचा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल."

"पुढे ट्रक नाही."

तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर आला. आधी करडा, मग काळा. पेट्रोलची रबरी नळी तडकली होती आणि थेंब तापलेल्या इंजिनावर पडत होते. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला. चोख केलं, त्यात बोट ठेवायला जागा नाही. बाईंनी डोळे मिटले. घाबरून नाही, सवयीने. हात सोडला. तो बरोबर माझ्यावर आला. अंगठा खटक्याखाली गेला, आणि खटका उचलला गेला नाही.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा नाही. मग त्यांनी डोळे उघडले, वाकल्या, आणि ती दोन वेढ्यांची तार पाहिली. मग काकांकडे पाहिलं.

"हे काय आहे," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"तो आवाज..." काका म्हणाले. "थांब, मी सोडवतो, बारा सेकंद..." त्यांनी खिशातून चिमटा काढला. पापणीच्या केसाहून लहान भाग जागेवर बसवणारा तो हात, आणि त्यातूनच चिमटा निसटून सीटखाली गेला.

"उतरा."

"अगं, एक क्षण..."

"उतरा म्हणते ना." बाईंनी त्यांचा पट्टा स्वतः सोडला आणि त्यांना दाराकडे ढकललं. मग पर्समधून पट्ट्या कापायची कात्री काढली, बोथट टोकाची, वाकडी. दवाखाना सुटला तरी ती कात्री सुटली नव्हती. पहिल्या दाबाला तार कापली गेली नाही. दुसऱ्याला एक वेढा तुटला. बॉनेटच्या फटीतून आता पिवळी जीभ बाहेर येऊन रंग चाटत होती. तिसऱ्याला दुसरा वेढा तुटला आणि मी त्यांच्या हातात आले.

बाहेर येऊन त्यांनी पिन ओढली. काका बॉनेट उघडायला धावले होते. "उघडू नका," त्या म्हणाल्या. "हवा मिळाली की भडकेल. बोटभर उचला, बास." काकांनी रुमाल गुंडाळून बोटभर उचललं. बाईंनी माझं तोंड त्या फटीला लावलं आणि मूठ आवळली.

काय सांगू तुम्हाला. माझ्या आतला वारा उठला. ज्याची सगळा जन्म वाट पाहिली ते दार उघडलं आणि ते अख्खं पांढरं माळरान चालत बाहेर पडलं. त्यात घाई नव्हती. मला तरी नऊ सेकंद एखाद्या लांब दुपारीसारखे वाटले. भुकटीचा एकही कण तळाशी दगड होऊन बसला नव्हता. तीन वर्षं बुडावर खाल्लेली एकही थापटी वाया गेली नाही. आग एकदा दबली, एकदा कोपऱ्यातून डोकावली, आणि मग जणू तिला झोप लागली.

नंतर सगळीकडे पांढरं होतं. गवतावर, काकांच्या बुटांवर, बाईंच्या पापण्यांवर. गाडीच्या नाकावरचा पहाटेचा रंग फोडासारखा फुगून काळा पडला होता. काकांच्या दोन बोटांवरही फोड आले होते, रुमालाने ती पुरती झाकली नव्हती. बाईंनी पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली आणि त्या बोटांवर धार धरली. पाणी संपेपर्यंत त्यांनी तो हात हातात धरून ठेवला होता. पण बोलल्या नाहीत. जिभेला धार असलेली बाई बोलते तोवर भिऊ नका, मित्रांनो. ती गप्प झाली की मात्र जपून.

मावशी टोइंगची गाडी घेऊन आली. तिने इंजिन पाहिलं, नळी पाहिली, मग खाली वाकून सीटपाशी पडलेला तारेचा तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

"ही कारागिरी कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"हात चांगला आहे तुमचा."

एवढ्या कौतुकाने कुणाचा एवढा अपमान झालेला मी दुसरा पाहिला नाही.

गाडी दीड महिना वर्कशॉपमध्ये होती. मी रिकामी, फळीवर. काका रोज दुकान बंद करून संध्याकाळी यायचे, स्टुलावर बसायचे, बोटांवरच्या पट्टीशी चाळा करायचे. पट्टी बाईच बदलत होत्या, रोज, वेळेवर, एक शब्द न बोलता. शेवटी काका मावशीला म्हणाले की नळी नवी झाली, रंग झाला, आता गिऱ्हाईक बघ. गाडी विकायची.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गाडीला एक फेरी घालून त्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

"गाडी विकायला काढलीत म्हणे."

"तू बसणार नाहीस. मग ठेवून काय करू?"

"मी बसणार नाही असं कधी म्हणाले? महिनाभर बोललेच नाही, तर म्हणेन कधी."

काका म्हणाले, "तो आवाज मला खरंच सहन होत नव्हता गं. तुला हसू आलं असतं. एवढीशी टिकटिक. म्हटलं, एवढीशीच तार."

"वॉर्डात आलेल्या प्रत्येकाला मी विचारायचे, काय झालं होतं. सगळे हेच सांगायचे. एवढंसंच होतं, सिस्टर." बाईंचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "सहन होत नव्हतं तर मला सांगायचं होतं. मी हाताने धरून बसले असते. सगळी वाट."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढला. मावशीने त्या बाजूचा दिवा मालवला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरली. शहाणी आहे ती.

मग बाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कशाला?"

"चालवायला. तीस वर्षं स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले, एक ओरखडा नाही. तुमच्या या बाईसाहेबांना मात्र माझा हात कधी चालला नाही. आता चालेल. आणि तुम्ही माझ्या जागी बसा. तिथून कसं वाटतं ते एकदा बघा."

काकांनी किल्ली दिली. किल्ली देताना अकरा वर्षं हातातून गेल्यासारखी त्यांची बोटं थोडी रेंगाळली, पण दिली.

मग मावशीने नवी बाटली आणली. लाल भडक, काटा हिरव्या पट्ट्यात ताठ, अंगावर एक ओरखडा नाही. नव्या सुनेकडे बघावं तसं मी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. नाव ठेवायला काही सापडलं नाही, म्हणून गप्प बसले. मावशीने काकांना बाईंच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला, डोळे मिटायला लावले आणि हात सोडायला सांगितलं. काकांचा हात गेला तो थेट गिअरवर.

"काका, तो कारभार आता सिस्टरचा. खाली."

पुन्हा सोडला. पुन्हा गिअरवर. बाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होत्या, पण गाल हलत होते. सातव्या वेळी कुठे तो हात थकून खाली ओघळला. बाईंच्या खुणेपेक्षा तो वीतभर लांब पडला. मावशीने जुनी पट्टी सोडली, वीतभर सरकवून बसवली, पट्टा ओढला, खटका लावला आणि तीनदा उघडून दाखवला.

"एक आधीच सांगते," ती म्हणाली. "हीसुद्धा टिकटिकणार."

बाईंनी काकांकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या.

"मी धरून बसेन," काका म्हणाले.

वर्कशॉपचं दार उघडलं तसा संध्याकाळचा उजेड आत आला आणि गाडी त्यात विरघळल्यासारखी बाहेर गेली. मी फळीवरून पाहत होते. बाईंची मान ताठ, नजर रस्त्यावर. शेजारी काका थोडे पुढे वाकून बसलेले, एक हात मांडीवर आणि दुसरा खाली, दिसत नव्हता. पण तो कुठे होता ते मला ठाऊक होतं. त्या रात्री नाही, त्या आठवड्यातही नाही, पण नंतर मला पुन्हा स्वप्नं पडू लागली. पोट रिकामं असलं तरी पडतात, असं दिसतं.

आता मावशी मला शाळांमधून फिरवते. तुम्ही माझी पिन ओढता, मूठ आवळता, हसता. हसा, हसायला हरकत नाही. पण मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या इमारतीच्या जिन्यात, वडलांच्या दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत माझी एखादी बहीण उभी असेल. तिच्यावर कुणी छत्री अडकवली असेल, तिच्यापुढे खुर्च्या रचल्या असतील, वाईट दिसते म्हणून पडद्याआड ढकलली असेल. तिला कुणी छळायचं म्हणून असं करत नाही. कुणाला ती मध्ये येते, कुणाला तिचा रंग खुपतो, कुणाला तिचा आवाज. ज्याला खुपतं त्याने ते उघड बोलावं, म्हणजे दुसरं कुणीतरी वाट काढेल. गुपचूप बांधून ठेवू नये. आज मला उचलाल तेव्हा मी हलकी लागेन, कारण माझ्यातलं सगळं कुणाच्यातरी कामी आलं आहे. तुमच्याकडची ती जड लागेल. दोन्ही हात लागतील. आज घरी गेलात की मोठ्यांना बरोबर घ्या आणि ती जागेवरून सुटते का, तेवढं बघा.